नवाबाचं बाळंतपण

पडेगावात ज्याचं डोकं चांगलं गरगरीत गोल आहे, त्यानं आवडाबाईंचं नाव घ्यावं, असा वस्तीत संकेतच पडून गेला आहे. ज्याचं चपटं किंवा एका अंगाला कललेलं आहे, तो आजोळी जन्मलेला. त्याची जबाबदारी आवडाबाई घेत नाहीत.

चाळीस वर्षं झाली, आवडाबाई घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालतात. देवगाव रंगारीहून लग्न होऊन आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. सासूनं, मनकर्णाबाईनं, त्यांचे हात पालथे-उताणे करून बघितले आणि म्हणाली, "हात गरम हायेत. कामाला येतीन." त्या दिवसापासून तिळाच्या तेलाची बुधली त्यांच्या काखेत आली, ती आजपर्यंत तिथंच आहे. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, मारुतीच्या तसबिरीला तेलाचा दिवा, एक माळ जप, आणि मग चालल्या कुणाच्या तरी दारी. बाळाची टाळू भरायची, नाक ओढायचं, पाय जुळवायचे. बाळंतिणीला रगडून आंघोळ घालायची, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी द्यायची, जुन्या लुगड्यानं पोट आवळून बांधायचं आणि बाजेखाली शेगडी सारून दार लावून घ्यायचं. पुढचा सव्वा महिना तिनं उठायचं नाही. वारं लागता कामा नये. आवडाबाईंच्या हिशेबी जगातलं निम्मं दुखणं वाऱ्यानं येतं आणि उरलेलं निम्मं लवकर उठल्यानं.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई कागदावर लिहून द्यायच्या: तिसऱ्या दिवसापासून हिंडू-फिरू द्या, खोली हवेशीर ठेवा. आवडाबाई तो कागद दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि घरी नेऊन देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवत. अक्षर म्हणजे सरस्वती. तिला पायदळी तुडवायचं नाही. पण तिचं ऐकायचंच, असं कुठं आहे?

सून रत्नमाला हिचाही कागद त्या पोथीत होता. तिचं बाळंतपण आलं ते ऐन वैशाखात. मागच्या पत्र्याच्या खोलीत, कानाला रुमाल, अंगावर घोंगडी, बाजेखाली शेगडी, असा तिनं सव्वा महिना काढला. वर पत्रा तापायचा, खाली निखारे, मधे रत्नमाला. बारावी शिकलेली, घरी ब्लाऊज शिवून चार गिऱ्हाइकं बांधून ठेवलेली पोरगी. पण सासूपुढं एक शब्द बोलली नाही. न बोललेल्या गोष्टी ती कुठं ठेवते, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

आता नवाबाकडं येऊ.

नवाब हा घरातला घोडा. पांढरा शुभ्र, मानेवर आयाळ अशी की नवरीला हेवा वाटावा. आवडाबाईंच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, येवल्याच्या बाजारातून शिंगरू असताना आणला आणि वरातीला शिकवून तयार केला. पुंजारामचा धंदा वरातीच्या घोड्याचा, आणि मिशीही त्याच धंद्याची. नवाबावर त्याचा एवढा जीव की जेवताना पहिला घास बाजूला काढायचा तो नवाबाचा, दुसरा गाईचा. "इंद्याच्या मायला तिसरा," असं बायकोकडं बघत म्हणून तो हसायचा. आवडाबाई हसायच्या नाहीत.

नवाब सहाव्या वर्षात आला आणि त्याला तारुण्य कळायला लागलं. मार्गशीर्षात शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात दोन वराती समोरासमोर आल्या. समोरच्या वरातीत घोडी होती. नवाबानं वास घेतला, खिंकाळला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पाठीवरच्या नवरदेवासकट कापडाच्या दुकानांसमोरून सरळ घोडीजवळ जाऊन उभा राहिला. नवरदेव आयाळीला मिठी मारून डोळे मिटून होता. त्यानं डोळे उघडले तेव्हा तो परक्या वरातीत होता, आणि परकी करवली त्याला ओवाळायच्या बेतात होती. पुढं कुणाला काही लागलं नाही ही मारुतीरायाचीच कृपा. पण त्या दिवसापासून नवाबाला कुणी विचारेना.

मुलगा इंद्रजीत वाळूजला कंपनीत आहे. त्यानं एका रविवारी बापाला समोर बसवलं.

"दादा, एक तर त्याला खच्ची करा, नायतर इका."

"आरं, येडा का खुळा? त्याच्यावर नवरदेव बसतो. नवरदेवाच्या खाली असला घोडा? सोयऱ्याधायऱ्यात तोंड दाखवावं का नाय मी?"

"नवरदेवाला खालचं काय दिसतंय? डोळ्यापुढं मुंडावळ्या, त्याला वरचंबी दिसत नसतंय."

पुंजाराम तीन दिवस जेवला नाही. म्हणजे घरी जेवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "करा. पण कुणाला कळता कामा नये."

पौषात लग्नं नसतात. संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जनावरांचे डॉक्टर आले. नाव संघपाल, तिशीतला शांत माणूस. त्या दिवशी संकष्टी होती. आवडाबाईंनी नवाबासाठीही उपास धरला. अंगणामागच्या मोकळ्या जागेत डॉक्टरांनी सुई देऊन घोड्याला आडवं केलं. अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकलं. पुंजाराम त्या वेळी छावणीकडं तोंड करून उभा होता आणि मिशीवरून हात फिरवत होता, जणू ती जागेवर आहे ना हे बघत होता.

नवाब उठून उभा राहिला तेव्हा आवडाबाईंनी वाकून बघितलं.

"डॉक्टरसाहेब, टाके घालायचे राहिले."

"राहिले नाहीत, मावशी. जखम मुद्दाम उघडी ठेवलीय. आत पाणी साचतं, त्याला खालून वाहायला वाट पाहिजे. आज त्याला शांत उभा राहू द्या. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालवायचं. दोन दिवसांनी दुडक्या चालीनं. थोडी सूज येणार, ती चालण्यानंच उतरते. बांधून ठेवलं तर वाढते. रक्ताचे थेंब मोजता येतात तोवर घाबरू नका. धार लागली, किंवा जखमेतून काही लोंबायला लागलं, तर असाल तिथून फोन करा."

हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. आवडाबाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पोथीत नेऊन ठेवला.

डॉक्टरांची मोटारसायकल वळणाआड गेली आणि आवडाबाईंनी पदर खोचला.

"चालवा म्हणं," त्या पुंजारामला म्हणाल्या. "हे डॉक्टर लोकं सगळ्यांनाच चालवतेत. कापलं की चाल, जन्म दिला की चाल. ह्यांच्या घरी बाज नसंल."

"मी तेच म्हणतो," पुंजाराम म्हणाला. त्याला घोडा रस्त्यावर न्यायचाच नव्हता. नवरा-बायकोचं चाळीस वर्षांत असं एकमत झालं नव्हतं. झालं ते नेमकं इथं झालं.

मग जे झालं ते आवडाबाईंच्या रीतीप्रमाणं अगदी यथासांग झालं. तबेल्याच्या पत्र्यांच्या फटींत गोणपाट कोंबलं. दाराला जाड चवाळं लावलं. कोपऱ्यात शेगडी आली. ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी सकाळ-संध्याकाळ. पुंजारामनं नवाबाचं तोंड गोंजारत धरलं आणि आवडाबाईंनी तुपात हळद कालवून त्या उघड्या जखमेवर असा जाड लेप दिला, की वाऱ्याला शिरायला सुईच्या अग्राएवढी जागा राहिली नाही. लेपावर मऊ फडकं, आणि वरून जुन्या नऊवारीची दोन पदरी पट्टी पोटाला वेढून पाठीवर गाठ. हे बांधून झालं तेव्हा त्या दोन पावलं मागं सरल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "आता कसं अंग धरीन."

डिंक आणि मेथी घालून भरडा केला. नवाबानं तो खाल्लाही. वस्तीत चौकशी झाली तेव्हा पुंजारामनं सांगितलं की घोड्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय.

"घोड्याला हर्निया?" समोरच्या चहाच्या टपरीवरचे अप्पाराव म्हणाले. "कशानं?"

"वजनानं. मागच्या तिथीला लई लठ्ठ नवरदेव बसला व्हता."

अप्पारावांनी गाळणी झटकली. "मंग आता वजनकाटा घेऊन जात जा वरातीला."

शनिवार बरा गेला. रविवारी सूज दिसली. आवडाबाई म्हणाल्या, वारं शिरलं, आणि शेगडीत दोन कोळसे वाढवले. सोमवारी सूज दुधी भोपळ्याएवढी झाली, पट्टीच्या वरून आणि खालून फुगून आली. आवडाबाईंनी पट्टी आणखी आवळली. इंद्रजीत रात्रपाळीहून सकाळी येऊन झोपायचा, त्यानं विचारलं तर माय म्हणायची, "हाय बरा, झोप तू." मंगळवारी सकाळी त्या गूळ घेऊन आत गेल्या. नवाब मागचे पाय फाकून, मान खाली टाकून उभा होता. गुळाचा वास आला की तो लांबूनच ओठ लांब करायचा. आज त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. कानामागं हात लावला तर चटका बसावा असं अंग तापलेलं. आणि धुरीच्या वासाखालून दुसराच एक वास येत होता. चाळीस वर्षांत दोनदा-तीनदा तो वास त्यांनी ओळखला होता. ज्या घरात ओळखला, त्या घरातून नंतर त्यांना बोलावणं आलं नव्हतं.

आवडाबाई कुणाला काही न सांगता देव्हाऱ्यापुढं येऊन बसल्या. हातात तो गुळाचा खडा तसाच.

"मारुतीराया," त्या तसबिरीला म्हणाल्या, "मुकं जनावर हाय. त्याचा काही गुन्हा नाय. त्याला बरा कर. मी पडेगावापासून तुझ्या दारापर्यंत, खुलताबादला, अनवाणी चालत येते. गुडघा दुखतो म्हणून सांगणार नाय. वाटंत गाडीत बसणार नाय."

हा मारुती म्हणजे खुलताबादचा भद्रा मारुती. आपल्याकडं नवस फेडायचा तर त्याच्याकडं पायी जायचं, हे शहरातल्या लेकरालाही ठाऊक. बोलून झालं आणि त्यांना थोडा धीर आला. मागं पाहिलं तर रत्नमाला दारात उभी. हातात शिवणाची कात्री.

"आत्याबाई, एक इचारू?"

"इचार."

"नवाबासाठी तुमी चालणार?"

"व्हय."

"तुमचा तर गुडघा दुखतो. नवाबाचे चार पाय चांगले हायेत. मंग त्यालाच कामून चालू देत नाय?"

रत्नमालानं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, देव्हाऱ्यातली पोथी काढून नमस्कार केला आणि आतून दोन कागद काढले. एक नवा होता, एक दोन वर्षांपूर्वीचा, घडीवर पिवळा पडलेला. दोन्ही सासूपुढं पाटावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा माझा. तिसऱ्या दिवसापासून हिंडू द्या. हा नवाबाचा. दुसऱ्या दिवसापासून चालवा. घोड्याला एक दिवस आधीच सोडलंय बघा."

"तुला काय झालं गं मंग? मेलीस का तू?"

"नाय. दाराला बाहेरून कडी व्हती."

बाहेर तबेल्यात नवाबानं एकदा खूर आपटला, तेही हळूच. आवडाबाईंनी हातातला गुळाचा खडा दोन कागदांच्या मधे ठेवला आणि म्हणाल्या, "लाव त्या पोराला फोन. डॉक्टरला."

संघपाल डॉक्टर तासाभरात आले. तबेल्याचं चवाळं बाजूला केलं तर आतून असा धूर आला की ते खोकतच मागं सरले.

"आत काय जळतंय?"

"ओवा," पुंजाराम म्हणाला.

डॉक्टरांनी शेगडी बाहेर ठेवायला लावली. मग त्यांची नजर नऊवारीच्या पट्टीवर गेली.

"हे काय बांधलंय?"

"पोट," आवडाबाई म्हणाल्या. "सुटू नये म्हणून."

"आणि खाली हळदीचा गिलावा कुणी केला?"

आवडाबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "मी. चाळीस वर्षं करते."

"घोड्यांना?"

डॉक्टरांनी थर्मामीटर लावलं: एकशे चार. पट्टी कापून काढली, पुंजारामला घोड्याच्या तोंडाशी उभं केलं, हातमोजे घातले, वाळून घट्ट झालेला लेप कोमट पाण्यानं भिजवून काढला आणि आतली कोंडलेली वाट बोटांनी मोकळी केली. जे बाहेर आलं त्यानं अर्धी बादली भरली. पुंजारामनं तोंड फिरवलं. आवडाबाईंनी फिरवलं नाही. आपल्याच हातानं कोंडलेलं आहे ते; बघितलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या अखेरपर्यंत बघत राहिल्या.

दोन इंजेक्शनं देऊन झाल्यावर डॉक्टर हात धूत म्हणाले, "मावशी, रागावू नका, स्पष्ट सांगतो. धनुर्वाताची सुई पहिल्याच दिवशी दिलीय, ती काळजी नाही. पण आत पू झालाय. परवापर्यंत ताप उतरला तर घोडा तुमचा. नाही उतरला आणि विष पोटाकडं चढलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही. आता हातात आहे ते एवढंच. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं गार पाण्याची धार सुजेवर. आणि चालवायचं."

"गार पाणी? पौषात?"

"गार."

"वारं—"

"वारं लागू द्या. भरपूर लागू द्या."

आवडाबाईंनी त्यांच्या डोक्याकडं निरखून बघितलं. मागून चांगलंच चपटं होतं.

"तू आजोळी झालेला दिसतोस," त्या म्हणाल्या.

"हो, खुलताबादला. तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," आवडाबाई म्हणाल्या, आणि त्यातल्या त्यात त्यांना जरा बरं वाटलं.

अडचण पुंजारामची होती. डॉक्टर गेल्यावर तो दोर हातात घेऊन तबेल्याच्या उंबऱ्यावरच बसला.

"रस्त्यावरून? असा फेंगडा? सुजलेला? समद्या दुनियेला दिसंल काय झालंय ते."

"काय झालंय? हर्निया झालाय," आवडाबाई म्हणाल्या. "तुमीच सांगितलं ना गावभर? मंग दाखवा की लोकाला हर्निया. द्या तो दोर इकडं. नवस मी बोललेय."

आणि मंगळवारी दुपारी चार वाजता पडेगावच्या रस्त्यावरून एक मिरवणूक निघाली, तशी त्या वस्तीनं कधी पाहिली नव्हती. पुढं आवडाबाई, अनवाणी, गुडघ्यात लंगडत. मागं नवाब, मागचे पाय फाकून, एकेक पाऊल विचार करून टाकत. त्याच्या मागं रत्नमाला, हातात छडी. पण ती कुणासाठी होती ते नीटसं कळत नव्हतं. पुंजाराम चाळीस पावलं मागं, जणू तो वेगळ्याच कामाला निघालाय.

"काकू, वरात कुणाची?" अप्पारावांनी टपरीवरून विचारलं.

आवडाबाई चालतच राहिल्या. खरी परीक्षा पुढं होती. वस्तीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यातली एकही अशी नव्हती जिनं आवडाबाईंच्या हातची शेगडी घेतली नव्हती. मंजुषा तर दुसऱ्यांदा दिवसात होती, आठवा सरत आलेला. ती कंबरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"आवडामावशी, आजून सव्वा महिना कुठं झालाय ह्याचा? इतक्यात उठवलं?"

दारोदार हसू फुटलं. आवडाबाईंनी दोर घट्ट धरला.

"ह्याचं बाळंतपण नाय झालं, बाई. खच्ची केलंय त्याला. आत पू झालाय. चाललं नाय तर मरतंय ते."

हसू जागच्या जागी थांबलं. चाळीस पावलं मागं पुंजारामही थांबला. पाच दिवस जपलेलं गुपित बायकोनं भर रस्त्यात, एका दमात, तीनचार शब्दांत सांगून टाकलं होतं. तो वळला आणि सरळ घरी गेला. आवडाबाई मात्र वळल्या नाहीत. नाक्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. वीस मिनिटं म्हणजे किती, हे रत्नमाला मोबाईलवर बघत होती. घरी येईतो नवाबाच्या खालून पाणी टिपकत होतं. आवडाबाईंनी वाकून थेंब मोजले. मोजता येत होते.

गार पाण्याचं मात्र त्यांना जड गेलं. रत्नमालानं नळी लावली तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या हातावर धार घेतली आणि शहारल्या. "थोडं कोमट—" असं तोंडून निघालं, पण सुनेनं नुसतं बघितलं आणि त्यांनी वाक्य गिळलं. नवाबानं पहिल्यांदा पाय झाडला. मग हळूहळू त्याचे डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ सैल लोंबला. उन्हातान्हातून आलेल्या माणसाला माठातलं पाणी मिळावं, तसा तो उभा राहिला. रत्नमाला ते बघत होती. "वैशाखात मलाबी असंच वाटलं असतं," ती एवढंच म्हणाली, आणि नळी दुसऱ्या अंगाला फिरवली. आवडाबाईंनी ऐकलं. त्यांच्या हातातली जपमाळ मात्र त्या वेळी एका मण्यावर बराच वेळ अडली.

बुधवारी ताप एकशे तीन होता. दोन वेळा चालले, दोन वेळा पाणी. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी थर्मामीटर काढलं, उजेडात धरलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. आवडाबाई तोवर तीनदा "मारुतीराया" म्हणाल्या.

"शंभर आणि दोन पॉइंट," डॉक्टर म्हणाले. "घोड्याला एवढा चालतो. उतरला."

आवडाबाईंनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला. नवाबानं लांबूनच ओठ लांब केले. तेव्हा त्या बाई, ज्यांनी परक्यांची शेकडो लेकरं हसत हसत हाताळली, त्या घोड्याच्या मानेला कपाळ लावून रडल्या. पुंजारामनं मिशीला हात लावला आणि आभाळाकडं बघितलं.

सूज उतरायला पुढं दहा दिवस लागले. मिरवणूक रोज दोनदा निघत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी ती दुडक्या चालीवर आली तेव्हा आवडाबाईंनी दोर इंद्रजीतला दिला, कारण दुडकी चाल नवसात नव्हती. पुंजाराम मात्र घराबाहेर पडेना. आता नवाबाला कोण विचारतंय, असं तो भिंतीला सांगत बसायचा. माघ लागला आणि पहिल्याच दिवशी अप्पाराव टपरी सोडून घरी आले.

"पुंजारामभाऊ, पुतण्याचं लग्न हाय. नवाब पायजे."

"नवाब? तुमाला ठाऊक नाय का त्याला—"

"ठाऊक हाय म्हणूनच आलोय. गुलमंडीचं ऐकल्यापासून माझ्या भावजयीची झोप उडालीय. म्हणती, पोरगं जाईन कुठं आन फेरे घेईन कुणाशी. आता कसं, भरवशाचा घोडा हाय."

डॉक्टरांनी तेवढं बजावलं होतं की जुना स्वभाव जायला महिना-दीड महिना जातो, तोवर घोडीच्या वासाला नेऊ नका. ती तारीख सांभाळून दिली तरी आठवड्यात आणखी तिघं येऊन गेले. ज्या गोष्टीनं तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं पुंजारामला वाटलं होतं, त्याच गोष्टीची आता तो आपणहून जाहिरात करतो. "माझा घोडा पूर्ण शांत. डॉक्टरांकडून करून घेतलाय," असं मिशीला पीळ देत सांगतो. हर्नियाचं नाव काढत नाही.

माघातल्या तिसऱ्या शनिवारी, उजाडता उजाडता, आवडाबाई नवस फेडायला निघाल्या. डॉक्टरांना विचारून नवाबालाही बरोबर घेतलं. सामान त्याच्या पाठीवर, दोर रत्नमालाच्या हातात. लेकराला कडेवर घेऊन इंद्रजीत म्हणाला, "माय, गुडघा दुखला तर बस त्याच्यावर." त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी चालायचं त्याच्यावरच बसू?" दौलताबादच्या किल्ल्यापाशी त्यांनी पहिल्यांदा गुडघा धरला. घाटात तीनदा बसल्या. पण बसल्या की पाय आखडायचा आणि चालल्या की मोकळा व्हायचा, हे त्यांना चौथ्यांदा बसायच्या आधीच कळलं. मग त्या बसल्याच नाहीत. कळलं ते त्यांनी कुणाला सांगितलं मात्र नाही.

दुपारी खुलताबादला पोचल्या. रत्नमाला घोडा धरून बाहेर थांबली. आवडाबाई आत गेल्या, रुईच्या पानांची माळ वाहिली, तेल वाहिलं. इतक्या वर्षांत कितीदा तरी त्या इथं आल्या होत्या, पण आज जरा जास्त वेळ बघत राहिल्या. इथला मारुती उभा नाही, आडवा पहुडलेला आहे. स्वतः कसा निवांत निजलाय, त्यांच्या मनात आलं, आणि साऱ्या मुलखाला मात्र आपल्याकडं चालायला लावतो. चांगला वैद्य आहेस की रे. मग देवाला असं म्हटलं म्हणून त्यांनी दोनदा गालावर मारून घेतलं.

बाहेर आल्या तर रत्नमाला फोन पुढं करून उभी. मंजुषाची सासू होती. सकाळी दवाखान्यात मंजुषाला मुलगी झाली. सुखरूप आहे, परवा घरी सोडतील, आवडामावशींनी आंघोळीला यायचंच, मंजुषानं स्वतः सांगितलंय.

"येते, येते," आवडाबाई म्हणाल्या. "पोरीची टाळू जपा. आन दवाखान्यातून कागद देतीन. तो नीट वाचा. काय म्हणती डॉक्टरीणबाई?... तिसऱ्या दिवसापासून हिंडू द्या? मंग हिंडू द्या की. खोलीचं दार उघडं ठेवा. आमचं मूळचं शास्त्र तेच हाय."

रत्नमालानं घोड्याच्या आयाळीत तोंड लपवलं.

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. आवडाबाईंनी सुनेकडं पाहिलं, मग नवाबाकडं पाहिलं. नवाब वाऱ्याकडं तोंड करून नाकपुड्या फुलवत उभा होता.

"शेगडी," त्या फोनमधे म्हणाल्या. "शेगडी काढून पुसून ठेवा."

सुनेनं मान वर केली.

"पेटवू नका पण," आवडाबाई घाईनं म्हणाल्या. "मी आल्यावर बघू."

आणि फोन सुनेच्या हातात देऊन, दोर आपल्या हातात घेऊन, त्या उताराला लागल्या.